भोंगा नसलेला रिमेक

"ओरिजिनल ब्लॅक अँड व्हाइट होता, तोच खरा. रिमेकमध्ये रंग भरले आणि सगळं घालवलं." एका चर्चेत माझा मित्र हे छातीठोकपणे बोलला आणि हे प्रकरण सुरू झालं. विषय होता काळयंत्राचा. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या कादंबरीवर जॉर्ज पाल यांनी १९६० साली काढलेला 'द टाइम मशीन', आणि त्याच कथेवर २००२ साली आलेला त्याच नावाचा नवा सिनेमा. अडचण एवढीच, की १९६० चा सिनेमा अथपासून इतिपर्यंत रंगीत आहे.

कोल्हापुरात आम्ही काही जण जमून जुने सिनेमे बघतो आणि नंतर त्यांवर बोलतो. सूत्रं बहुतेक वेळा माझ्याकडं असतात. लहानपणी बघितलेला सिनेमा आणि त्याचा रिमेक हा वाद तिथं हमखास निघतो आणि हमखास फुकट जातो. एक बाजू म्हणते, जुन्यात जीव होता. दुसरी म्हणते, जुन्यातली भुतं बघून हसू येतं. दोन्ही बाजूंना आपण सिनेमांबद्दलच बोलतोय अशी खात्री असते. या वेळी तसं नव्हतं, हे त्या 'ब्लॅक अँड व्हाइट'वरून उघड होतं. मित्र तयार झाला, त्याचे वडील हाताशी होते, बारा वर्षांची मुलगीही होती, म्हणून जरा खोलात जाता आलं. नावं मात्र घालायची नाहीत, असं ठरलं.

घर, टीव्ही आणि मिल

मित्राचा जन्म १९८७ चा. घर कोटीतीर्थाच्या बाजूला, शाहू मिलपासून हाकेच्या अंतरावर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली ही मिल तेव्हा अजून चालू होती आणि मित्राचे वडील तिथं स्पिनिंगला होते. त्यांची पाळी फिरती. आठवड्याला घराची झोपायची वेळ बदलायची, आणि ती बदलायचा भोंगा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गल्लीत केबल आली. पोरांसाठी केबल म्हणजे कार्टून नेटवर्क. पण ते रात्री संपायचं आणि त्याच चॅनेलवर टीएनटी नावाची दुसरीच दुनिया सुरू व्हायची, जुन्या इंग्रजी सिनेमांची. चॅनेल टर्नर कंपनीचं आणि एमजीएमच्या जुन्या सिनेमांचा साठाही तिच्याकडंच. त्यामुळं हॉलिवूडच्या पन्नास-साठच्या दशकांतले सिनेमे कोल्हापुरातल्या माजघरात फुकट उतरत होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं जागतिक सिनेमाचं शिक्षण हे असं, टॉम आणि जेरी संपल्यावर टीव्ही बंद करायचा कंटाळा केल्यामुळं झालंय. कुठल्या फिल्म सोसायटीनं एवढं काम केलं नसेल.

मित्राच्या घरी छोटा पोर्टेबल टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट. वडील घरी असले की नऊनंतर तो बंद. रात्रपाळीला गेले की आई स्वयंपाकघर आवरेपर्यंत चालू. अशाच एका रात्री, पाचवीत असताना, त्यानं 'द टाइम मशीन' बघितला. सबटायटल नाहीत, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं. म्हणजे चित्र दिसत होतं, आवाज कळत होता, संवाद एकही नाही.

नवा सिनेमा त्यानं कॉलेजात असताना भाड्याच्या व्हीसीडीवर बघितला. सोबतची पोरं खूश होती. हा भडकला, आणि वीस वर्षं झाली तरी भडकलेलाच होता.

बघायच्या आधीचं टिपण

दोन्ही सिनेमे परत बघायचं ठरलं, पण त्याआधी मी त्याला एक काम सांगितलं. जुन्यातलं जे आठवतंय ते सगळं लिहून काढ, इंटरनेटला हात न लावता. त्यानं वहीचं दीड पान भरून दिलं.

मेणबत्ती भराभरा वितळते, हे पहिलंच वाक्य. मग दुकानाच्या काचेतली बाई, म्हणजे पुतळा, कपडे बदलत राहते. यंत्र करड्या रंगाचं, पाठीमागं फिरणारं मोठं चाक. पुस्तक हातात घेतलं की त्याची माती होते. डोळे चमकणारी भुतं. आणि मग जवळजवळ अर्धं पान एकाच प्रसंगावर: भोंगा वाजतो, सगळी माणसं माना खाली घालून एका दगडी तोंडाकडं चालायला लागतात, आत जातात, दार बंद होतं. दारात एक माणूस कुणाकुणाला आत घ्यायचं ते ठरवत असतो. बाहेर एक बाई डबा घेऊन उभी असते.

शेवटचं सोडून बाकी जवळपास सगळं सिनेमात आहे. पुस्तकाची धूळ होते, पुतळ्याचे कपडे बदलतात, भोंगाही आहे. दारातला माणूस आणि डबेवाली बाई मात्र सिनेमात नाहीत. उलट सिनेमाची नायिका, नदीत बुडताना जिला नायक वाचवतो ती वीना, टिपणात नावालाही नाही. पाचवीतल्या पोरानं प्रेमप्रकरण गाळून टाकलं, यात नवल काहीच नाही. त्याच्या जागी त्यानं डबा आणला, हे मात्र मला विलक्षण वाटलं.

बघणं

क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला. आधी नवा, मग जुना. मुलीनं दोन्हीही बघितलेले नव्हते आणि तिची पहिली ओळख रिमेकशीच व्हावी असं मला वाटत होतं. पप्पांनी आधी काही बोलायचं नाही, हा नियमही तिनंच घातला.

नवा सिनेमा तिला आवडला. फुटलेला चंद्र तर फारच. त्यात २०३७ साली चंद्रावरच्या वसाहतीसाठी केलेल्या स्फोटांनी चंद्राचे तुकडे होतात आणि पुढं लाखो वर्षं ते तसेच आकाशात लटकत राहतात. तिथला ग्रंथपालही तिला आवडला. तो माणूस नाही, काचेवर उमटणारी प्रतिमा आहे, आणि जग बुडालं तरी त्याला सगळी पुस्तकं पाठ आहेत. "काका, हा एकटा किती बोअर झाला असेल!" ही तिची टिप्पणी. सिनेमाच्या पटकथेला ते दुःख जेमतेम स्पर्श करता आलंय, ते तिनं एका वाक्यात पकडलं. जमिनीतून उसळून वर येणाऱ्या मॉरलॉकांना, म्हणजे भुयारात राहणाऱ्या माणूसखाऊ प्राण्यांना, ती दचकली. मित्र पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसला होता.

आठवड्यानं जुना लावला. या वेळी मित्राचे वडीलही येऊन बसले. सिनेमाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, नात बसली होती म्हणून.

पहिल्यांदा यंत्र दिसलं तेव्हा मित्र उठून पडद्याजवळच गेला. "भावा, हे लाल आहे!" खुर्चीची गादी लाल मखमली, दांडे पितळी, मागची चकती नक्षीदार. पन्नासच्या दशकातली सगळी सिनेमाची श्रीमंती त्या एका यंत्रात ओतलेली आहे. सिनेमाचा एकूण खर्च दहा लाख डॉलरांच्या आत, पण यंत्र पाहून ते पटत नाही.

मुलगी काही ठिकाणी मनसोक्त हसली. मॉरलॉकांच्या अंगावरचे केस बघून, "ह्यांनी विग घातलेत" म्हणून. १९६६ सालच्या अणुहल्ल्यानंतर लंडनच्या रस्त्यात लाव्हा वाहायला लागतो तेव्हाही, आणि त्या लाव्ह्याला हसू नये असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण प्रयोगशाळेत यंत्र सुरू होतं, मेणबत्ती सरसर खाली येते, गोगलगाय फरशीवरून धावत जाते, काचेच्या छतावरून सूर्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पळतो, तिथं ती हसली नाही. पुढं सरकून बसली. "हे एआयनं केलंय?" तिनं विचारलं.

मग थांबवून सांगावं लागलं. सिनेमाच्या पट्टीवर सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. कॅमेऱ्यानं दर दहा सेकंदांनी एकच चित्र घेतलं, तर चार तास जळणारी मेणबत्ती पडद्यावर एका मिनिटात संपते. पुतळ्याच्या बाबतीत युक्ती वेगळी, तिथं मधल्या वेळात माणसं येऊन कपडे बदलतात. म्हणजे त्या खोलीत खरोखर मेण जळलं आहे, खरोखर कुणीतरी हातानं झगे बदलले आहेत. याच कामासाठी जीन वॉरन आणि टिम बार यांना विशेष परिणामांचं ऑस्कर मिळालं. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर तसंच करून बघितलं. मोबाइलमध्ये ती सोय आयती असते, हे कळल्यावर तिचा निम्मा उत्साह गेला.

आणि मग भोंगा आला. ८०२७०१ साल. इलॉय, म्हणजे त्या काळात जमिनीवर राहणारी माणसं, गवतात खेळताहेत. स्फिंक्ससारख्या इमारतीतून भोंगा सुरू होतो आणि ते सगळे एकदम थंड होतात, डोळे उघडे पण नजर नाही, आणि रांगेनं इमारतीच्या दाराकडं चालू लागतात. मित्र बोलायचा थांबला होता. त्याच्या वडिलांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आरं, हजेरी न लावताच आत निघाली की ही!"

सगळे हसले. मित्रही हसला, पण हसता हसता म्हणाला, "आप्पा, तुमची रात्रपाळी असली की मी जागाच असायचो, माहीत हाय काय?" वडिलांना माहीत नव्हतं. आईला माहीत असेल, ते म्हणाले. सिनेमा तसाच पुढं गेला, त्यावर त्या रात्री कुणी आणखी बोललं नाही. पण माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथं उलगडलं होतं.

भोंग्याचं काय झालं

सिनेमात तो भोंगा कशासाठी आहे, ते आधी बघू. नायक भविष्यात जाताना १९१७, १९४० आणि १९६६ साली थांबतो, तिन्ही वेळा युद्ध आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की लोक जमिनीखाली आसऱ्याला पळतात. लाखो वर्षांनंतर युद्ध विसरलं गेलंय, भोंगा वाजला की खाली जायचं ही सवय तेवढी उरलीय, आणि मॉरलॉक त्याच सवयीचा फास करून माणसं खाली नेतात, खायला. दुसरं महायुद्ध संपून पंधरा वर्षं झालेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. भोंगा ही पाल यांच्या सिनेमाची भर. वेल्स यांच्या कादंबरीत तो नाही.

कादंबरीत आहे ती गिरणी, म्हणजे गिरणीमागची व्यवस्था. वेल्स यांच्या डोळ्यांसमोर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं इंग्लंड होतं. वर उजेडात आरामात जगणारे मालक, खाली अंधारात राबणारे मजूर. त्या दोन वर्गांची दुरी इतकी वाढते की शेवटी त्यांचे दोन वेगळे प्राणी होतात: वरचे इलॉय, खालचे मॉरलॉक. खालचे अजूनही यंत्रं चालवतात आणि वरच्यांना खातात. १९६० च्या सिनेमानं हा वर्गसंघर्ष काढून तिथं महायुद्ध आणि अणुबाँब बसवला.

आता पाचवीतला पोरगा बघा. हवाई हल्ल्याचा भोंगा त्यानं कधी ऐकलेला नाही. त्याला एकच भोंगा माहीत आहे, आणि तो वाजला की त्याचे वडील घरातून बाहेर पडतात, एका मोठ्या दगडी फाटकातून आत जातात. संवाद कळत नाहीत, म्हणून त्याला अडवणारंही कुणी नाही. त्यानं युद्ध काढून टाकलं आणि मिल परत बसवली. दारात हजेरीवाला उभा केला, बाहेर डबा घेऊन आई उभी केली. ज्यांना खाल्लं जातं ते त्याच्या सिनेमात मजूर आहेत, वेल्स यांच्या कादंबरीत मालकांचे वारस. म्हणजे बाजू उलटी झाली, पण विषय तोच, कामगार आणि त्याला गिळणारं भुयार. कादंबरी त्यानं आजतागायत वाचलेली नाही. तरीही ऑस्कर मिळवणाऱ्या सिनेमापेक्षा तो कादंबरीच्या जास्त जवळ पोचला होता.

असं होतं, हे नवं नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली होती आणि काही काळानं ती पुन्हा लिहायला सांगितली होती. वाचकांनी आपल्याला न पटणारं गाळलं आणि ओळखीचं घातलं. सील प्राण्यांच्या शिकारीची साधी मासेमारी झाली. माझ्या मित्रानं केलं ते याच जातीचं, फक्त यात भीती होती आणि ती भीती वडिलांसाठी होती.

आता त्याचा रिमेकवरचा राग घ्या. वीस वर्षं तो सांगत आला होता की ग्राफिक्स खोटी वाटतात, नायक कमकुवत आहे, रंग भडक आहेत. यांतलं काहीच मुख्य नव्हतं. २००२ च्या सिनेमात भोंगा माणसांना बोलावत नाही. मॉरलॉक स्वतःच दिवसाढवळ्या वर येतात आणि माणसं ओढून नेतात. पळापळ आहे, आरडाओरड आहे, प्रतिकार आहे. पण माणूस आपल्या पायांनी, रांगेनं, मुकाट चालत आत जात नाही. मित्राला त्या सिनेमात भीती सापडली नाही, कारण त्याच्या भीतीचा प्रसंगच त्यात नव्हता.

रिमेकची बाजू

रिमेकच्या दिग्दर्शकाचं नाव सायमन वेल्स, खुद्द लेखकाचे पणतू. त्यांनी जुन्याचा मान ठेवलाय. काचेतल्या पुतळ्याचे बदलते कपडे त्यांनी घेतलेत, आणि १९६० साली नायकाच्या मित्राचं काम करणारे ॲलन यंग यांना फुलांच्या दुकानात छोटीशी भूमिकाही दिलीय. काळाच्या प्रवासाचं दृश्य तर नव्यातच जास्त भव्य आहे. कॅमेरा प्रयोगशाळेतून वर उठतो, शहर खाली वाढत जातं आणि आपण थेट चंद्रापर्यंत पोचतो. सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून केलेला सिनेमा आहे, ते दिसतं.

माझं भांडण दुसऱ्या ठिकाणी आहे. जुन्यातला माणूस भविष्यात का जातो? बघायचंय म्हणून. नव्यातल्याची वाग्दत्त वधू मरते, तिला वाचवायला तो भूतकाळात जातो, तरी ती दुसऱ्याच अपघातात मरते, आणि आपण भूतकाळ का बदलू शकत नाही या प्रश्नाचं उत्तर शोधायला तो पुढं जातो. उत्तर हुशार आहे: ती मेली म्हणून तू यंत्र बनवलंस, ती जगली असती तर यंत्रच नसतं, मग त्या यंत्रानं तू तिला वाचवणार कसा? पण हे उत्तर मॉरलॉकांचा म्होरक्या, जेरेमी आयर्न्स, उभ्या उभ्या भाषणात देऊन टाकतो. सिनेमाभर पोसलेला प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघतो आणि लगेच मारामारी सुरू होते. जुन्यातले मॉरलॉक बोलत नाहीत. त्यांना काय हवंय ते हाडं बघून कळतं. न बोलणाऱ्या मॉरलॉकांच्या सिनेमात कोल्हापूरच्या पोराला आपली मिल घालायला जागा होती. बोलणाऱ्यांच्या सिनेमात ती जागा बुजलेली आहे. मित्राचा राग चुकीच्या कारणांसाठी होता, पण रिमेक दुबळा आहे या निर्णयाशी मी सहमत आहे.

तरी रिमेक म्हणजे विटंबना, हे ऐकून घेणार नाही, निदान या गावात तरी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली केलेला 'सावकारी पाश' हा मूकपट १९३६ साली स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा काढला. आज नाव निघतं ते मूकपटाचंच. पण ज्या माणसानं स्वतःचीच सर्वांत मोठी कृती पुन्हा हातात घेतली, त्याच्या गावात बसून रिमेकला शिव्या देणं मला जमत नाही.

नंतर

काही महिन्यांनी मी मित्राला आणि त्याच्या मुलीला, दोघांनाही आठवतंय ते लिहायला सांगितलं. मित्रानं यंत्र लाल लिहिलं, खोडलं, आणि समासात लिहिलं, "लाल आहे हे माहीत आहे. दिसतं करडंच." डबेवाली बाई त्यानं वगळली होती. विचारलं तर म्हणाला, "नाही ना ती सिनेमात. बघितलं की आपण." दारातला माणूस मात्र राहिला होता, फक्त आता तो आत कोणाला घ्यायचं ते ठरवत नव्हता, नुसता उभा होता.

मुलीच्या कागदावर फुटलेला चंद्र होता, कंटाळलेला ग्रंथपाल होता, मेणबत्ती आणि गोगलगाय होती. मेणबत्ती कुठल्या सिनेमातली हे तिनं बरोबर लिहिलं होतं. इलॉयांबद्दल एकच ओळ होती: "भोंगा झाला की ते पाळीवर जातात आणि त्यांची हजेरी लागत नाही." मिल बंद पडून गेल्यावर जन्मलेली पोरगी. पाळी हा शब्द तिच्या घरात आता वापरात नाही.

मित्र कागद ओढून ती ओळ दुरुस्त करायला निघाला, पाळी-बिळी काही नाही, ती हवाई हल्ल्याची सवय आहे म्हणून. मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि फाइलला लावला. त्यावरून आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, पोरीला खरी गोष्ट कळायला पाहिजे. पुढच्या वेळी कादंबरीच वाचायला घेऊ, एवढ्यावर तेव्हापुरतं मिटलंय.